चर्चिलनं मारलेला शिक्का

चर्चिल म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे तोंडातला सिगार आणि दोन बोटांचा 'व्ही'. दुसरी म्हणजे १९३१ साली त्यानं गांधीजींवर मारलेला 'अर्धनग्न फकीर' हा शेरा. शाळेत इतिहासाचा तास कितीही झोपेत काढलेला असो, एवढं लक्षात असतंच :) गंमत म्हणजे मूळ वाक्य चांगलं लांबलचक होतं. त्यात गांधीजींच्या बॅरिस्टरीचा उल्लेख होता, व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या होत्या, बरंच काही होतं. लोकांनी त्यातले दोन शब्द उचलले आणि बाकीचं टाकून दिलं. शिक्क्याचं असंच असतं. वाक्य मरतं, शिक्का उरतो.

आज मात्र चर्चिलच्या तिसऱ्याच एका शब्दाबद्दल लिहायचंय. हा शब्द त्यानं आपल्या कुणाबद्दल नाही, तर युद्धकाळात पाच वर्षं त्याच्याच मंत्रिमंडळात शेजारी बसलेल्या माणसांबद्दल वापरला. शब्द होता 'गेस्टापो'. तारीख ४ जून १९४५.

निवडणुकीत विरोधकाला हिटलर, फॅसिस्ट, देशद्रोही, रशियाचा हस्तक वगैरे म्हणणं ही काही नवीन गोष्ट नाही. जगभर चालतं. पण असले शब्द वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हिटलर फक्त फोटोत पाहिलेला असतो. इथे प्रकरण वेगळं आहे. हिटलरविरुद्ध पाच वर्षं लढून, त्याला हरवून, विजयाला महिनाही पुरता झालेला नसताना हा माणूस रेडिओवर बोलत होता. नाझी शब्द वापरायचा अधिकार त्या वर्षी जगात कुणाला असेल, तर तो यालाच. म्हणून ही केस मला फार महत्त्वाची वाटते. हा शब्द त्याच्या तोंडून चालला नाही, तर का चालला नाही, हे बघायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी.

१० मे १९४० ला चर्चिल पंतप्रधान झाला तो सर्वपक्षीय सरकारचा. त्याच्या पाच जणांच्या युद्ध मंत्रिमंडळात दोघं मजूर पक्षाचे होते, क्लेमंट ॲटली आणि आर्थर ग्रीनवुड. मे महिन्याच्या शेवटी फ्रान्स कोसळत होता आणि परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होता की मुसोलिनीमार्फत तहाची शक्यता निदान चाचपून तरी बघू. हॅलिफॅक्स चर्चिलच्याच, म्हणजे हुजूर पक्षाचा. त्या दिवसांत 'तह नाही, लढायचं' या चर्चिलच्या भूमिकेमागे ठामपणे उभे राहिले ते ॲटली आणि ग्रीनवुड. म्हणजे हिटलरशी लढायचं की नाही हा प्रश्न ज्या खोलीत ठरला, त्या खोलीत मजूर पक्षवाले चर्चिलच्या बाजूला होते.

पुढची पाच वर्षं देशाच्या आतला कारभार बराचसा मजूर पक्षाच्या मंत्र्यांनीच सांभाळला. अर्नेस्ट बेव्हिन हा ट्रान्सपोर्ट कामगारांचा पुढारी कामगारमंत्री झाला. कोळसा कमी पडायला लागल्यावर सैन्यभरतीच्या वयाच्या पोरांपैकी काहींना त्यानं चिठ्ठ्या टाकून खाणीत पाठवलं. त्या पोरांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. हर्बर्ट मॉरिसन गृहमंत्री झाला. जर्मन बाँबहल्ल्यात घरातल्या घरात आसरा घ्यायला लोखंडी टेबलासारखा एक पिंजरा सरकारनं लाखो घरांत वाटला होता. वर जेवायचं, आत झोपायचं. त्याचं नाव 'मॉरिसन शेल्टर'. आणि १९४२ पासून ॲटली अधिकृतपणे उपपंतप्रधान. चर्चिल परदेशी गेला की लंडनमधला गाडा तोच हाकायचा.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ही माणसं ब्रिटिश मतदारांना अनोळखी नव्हती. त्यांचं नाव दिलेल्या पिंजऱ्यात लोकांची पोरं झोपली होती.

८ मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं. जपान हरेपर्यंत हेच सरकार चालवू, असं चर्चिलचं म्हणणं होतं. मजूर पक्षाला ते मान्य झालं नाही. २३ मे ला चर्चिलनं राजीनामा दिला, काळजीवाहू सरकार बनवलं आणि तब्बल दहा वर्षांनी निवडणूक लागली. (आधीची १९३५ मधली.) टीव्ही प्रचाराचा प्रश्नच नव्हता. प्रचाराचं मोठं साधन म्हणजे बीबीसी रेडिओ. रात्री नऊच्या बातम्यांनंतर पक्षांच्या नेत्यांची आळीपाळीनं भाषणं. देश युद्धाची पाच वर्षं याच वेळेला, याच डब्यातून, याच माणसाचा आवाज ऐकत आलेला. पहिलं भाषण अर्थातच चर्चिलचं.

त्यात तो म्हणाला की समाजवाद ब्रिटिश स्वातंत्र्याच्या कल्पनेलाच परका आहे. संपूर्ण समाजवादी व्यवस्था राजकीय पोलिसांशिवाय उभीच राहू शकत नाही. लोकांची नाराजी, टीका मोकळेपणी बाहेर येऊ देणं तिला परवडणार नाही. त्यांना कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या गेस्टापोचा आधार घ्यावाच लागेल. आणि वर एक खवचट पुरवणी: सुरुवातीला अर्थातच ती गेस्टापो अगदी माणुसकीनं चालवली जाईल!

आता हा शब्द त्या महिन्यात ऐकणाऱ्यांना कसा लागला असेल बघा. आज 'गेस्टापो' म्हणजे आपल्यासाठी सिनेमातला काळ्या कोटातला माणूस. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत पोचलं होतं. तिथलं वर्णन बीबीसीवर ऐकवलं गेलं होतं, प्रेतांच्या ढिगांची फिल्म थिएटरांमध्ये दाखवली गेली होती. गेस्टापो ज्याच्या हाताखाली होती तो हिमलर ब्रिटिशांच्या कैदेत विष खाऊन मेला तो २३ मे ला. म्हणजे बरोब्बर चर्चिलनं राजीनामा दिला त्याच दिवशी. शब्दाचा अर्थ इतका ताजा, इतका ठोस क्वचितच असतो. आणि त्याच शब्दाला चर्चिल म्हणत होता, चष्मा लावलेला, टक्कल पडलेला, पाइप ओढणारा ॲटली.

त्याच्या घरात हे आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. त्याच्या बायकोनं, क्लेमेंटाइननं, भाषणाचा मसुदा वाचून हा उल्लेख काढून टाक म्हणून विनवलं होतं. त्यानं ऐकलं नाही. ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजच्या कॉमन रूममध्ये एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी हे भाषण ऐकत होती. कट्टर हुजूर पक्षाची. तिच्याही मनात आलं, की याचं आता अतीच झालं. पुढे आत्मचरित्रात तिनं हे लिहून ठेवलंय. मार्गारेट थॅचर तिचं नाव. समाजवादाबद्दल जिच्या मनात तसूभरही प्रेम नव्हतं अशा बाईला अती वाटलं, मग कुंपणावरच्या मतदाराचं काय झालं असेल!

आता प्रश्न असा, की एवढा हुशार माणूस असं का बोलला?

'म्हातारा थकला होता, बरळला' हे सोपं उत्तर झालं. पण मला ते पुरेसं वाटत नाही. कारण त्या वाक्याखाली एक खरा मुद्दा पुरलेला होता. १९४४ साली फ्रीडरिक हायेक या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाचं 'द रोड टू सर्फडम' नावाचं पुस्तक इंग्लंडमध्ये आलं होतं आणि हुजूर पक्षात ते चांगलंच गाजत होतं. हायेकचा दावा साधारण असा, की सगळं अर्थकारण सरकारच्या नियोजनाखाली गेलं, की कुणी काय करायचं हे ठरवण्याची सत्ता थोड्या लोकांच्या हातात एकवटते, आणि मग स्वातंत्र्य हळूहळू आक्रसतं. यावर वाद घालता येतो. अजूनही घालतात लोक. पण तो वाद आहे, शिवी नाही.

आणि चर्चिलला या गोष्टीची चाड नव्हती असंही नाही. युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये '१८ बी' नावाचा नियम होता. त्याखाली गृहमंत्री कुणालाही आरोप न ठेवता, खटला न चालवता स्थानबद्ध करू शकत असे. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वाल्ड मोस्ली याच नियमाखाली १९४० पासून आत होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये तब्येतीच्या कारणावरून त्याला सोडायचं ठरलं तेव्हा लंडनमध्ये मोर्चे निघाले. कामगार संघटना खवळल्या. परदेश दौऱ्यावर असलेल्या चर्चिलनं तेव्हा तारेनं गृहमंत्र्याला पाठिंबा कळवला. त्या तारेत त्यानं लिहिलं की कायद्यातला कुठलाही आरोप न ठेवता माणसाला तुरुंगात टाकण्याची सरकारची सत्ता ही अत्यंत तिरस्करणीय गोष्ट आहे, आणि नाझी काय किंवा कम्युनिस्ट काय, सगळ्या एकाधिकारशाहीचा पाया तोच आहे.

आणि मोस्लीला सोडणारा तो गृहमंत्री कोण? हर्बर्ट मॉरिसन! मजूर पक्षाचा. स्वतःच्याच पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या शिव्या खाऊन एका फॅसिस्टाला सोडणारा. म्हणजे राजकीय कैद या नेमक्या प्रश्नावर दीड वर्षापूर्वी चर्चिल आणि मजूर पक्षाचा गृहमंत्री एका बाजूला होते. ब्रिटनमधले पोलीस, स्थानबद्धता, सगळं साडेचार वर्षं मजूर पक्षाच्या माणसाच्या हाताखाली होतं. गेस्टापो काढायचीच असती तर याहून चांगली संधी कुठली?

चर्चिलचा स्वतःचा तरी या शब्दावर विश्वास होता का? त्याच जून महिन्यात त्यानं ॲटलीला पॉट्सडॅम परिषदेला आपल्याबरोबर यायचं निमंत्रण दिलेलं होतं. निकाल काहीही लागला तरी स्टॅलिन आणि ट्रुमनसमोर ब्रिटनची बाजू एकच राहावी म्हणून. जो माणूस उद्या देशात गुप्त पोलिसांचं राज्य आणणार असं तुम्हाला खरंच वाटतं, त्याला कुणी विश्वासानं अशा टेबलावर नेऊन बसवतं का? मी मनातल्या मनात याला 'पॉट्सडॅम टेस्ट' असं नाव ठेवलंय. कुठलाही नेता दुसऱ्याला टोकाचं काही म्हणाला, की बघायचं: हा त्याच्याबरोबर कुठल्या टेबलावर बसतो?

ॲटलीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला आलं. हे उत्तर मला फार आवडतं. तो चिडला नाही. 'तूच नाझी' असं म्हणाला नाही. तो म्हणाला की काल रात्री पंतप्रधानांचं भाषण ऐकताना त्यांचा हेतू माझ्या लगेच लक्षात आला. एकजूट झालेल्या देशाचा युद्धातला थोर नेता विन्स्टन चर्चिल आणि हुजूर पक्षाचे पुढारी मिस्टर चर्चिल यांच्यात केवढा फरक आहे, हे त्यांना मतदारांना दाखवायचं होतं. युद्धातल्या नेतृत्वाबद्दलच्या कृतज्ञतेपोटी लोकांनी आपल्यामागे यायला नको, असं त्यांना वाटत असावं. लोकांचा भ्रमनिरास इतका पुरेपूर केल्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. काल आपण ऐकला तो आवाज मिस्टर चर्चिल यांचा होता, पण डोकं लॉर्ड बीव्हरब्रुकचं होतं.

(बीव्हरब्रुक म्हणजे 'डेली एक्सप्रेस'चा मालक, चर्चिलचा दोस्त. खरं तर भाषण चर्चिलचं स्वतःचंच होतं. म्हणजे ॲटलीनंही एक छोटासा शिक्का मारलाच. पण त्याला रक्ताचा वास नव्हता.)

यातली युक्ती बघा. त्यानं चर्चिलचं मोठेपण नाकारलं नाही, उलट जपून बाजूला काढून ठेवलं. मतदाराला चर्चिलवरचं प्रेम आणि मजूर पक्षाला मत यातलं एक निवडायची गरजच उरली नाही. दोन्ही ठेवा, म्हणाला. प्रचारातही तो तसाच वागला. चर्चिल उघड्या गाडीतून गर्दीला 'व्ही' दाखवत फिरत होता, तर ॲटली घरच्या छोट्या गाडीत, आणि गाडी चालवायला त्याची बायको व्हायोलेट.

५ जुलैला मतदान झालं. जगभर पसरलेल्या सैनिकांची मतं यायची म्हणून मोजणी थेट २६ जुलैला. ६४० जागांपैकी मजूर पक्षाला ३९३. हुजूर पक्षाला मित्रपक्ष धरून २१३. खुद्द चर्चिलच्या वुडफर्ड मतदारसंघात मजूर आणि लिबरल दोघांनीही त्याचा मान राखून उमेदवार दिला नव्हता. तिथे उभ्या राहिलेल्या एका अपरिचित अपक्षाला दहा हजारांवर मतं पडली!

आता इथे थोडं सांभाळून. 'एका शब्दानं चर्चिल हरला' असं लिहायला छान वाटतं, पण ते खरं नाही. १९४३ पासूनच्या गॅलपच्या चाचण्यांमध्ये मजूर पक्ष पुढे होता, फक्त त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. लोकांना तिसच्या दशकातली बेकारी आठवत होती. डिसेंबर १९४२ मध्ये आलेल्या बेव्हरिज अहवालानं आजारपण, बेकारी, म्हातारपण यांसाठी विम्याचं स्वप्न दाखवलं होतं. लोकांना घरं हवी होती, नोकरी हवी होती, डॉक्टर हवा होता. गेस्टापोच्या शब्दानं निवडणूक हरवली नाही. पण ती वाचवूही शकला नाही. वर चर्चिलला एरवी जे ऐकणारे कान मिळाले असते ते मात्र त्यानं गमावले. 'नियोजनात सत्ता एकवटेल, जरा जपून' एवढंच म्हणाला असता तर निदान चर्चा झाली असती. आता त्या मुद्द्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, कारण सगळे त्या शब्दावर हसत किंवा चिडत होते.

मग असे शिक्के कधीच चालत नाहीत का? चालतात. आणि कधी चालतात हे पाहिलं की १९४५ जास्त नीट कळतं.

१९२४ साल घ्या. देश तोच, पक्षही तोच. मजूर पक्षाचं पहिलंवहिलं सरकार, तेही अल्पमतातलं, नऊ-दहा महिन्यांत पडलं होतं. २९ ऑक्टोबरला मतदान. चार दिवस आधी 'डेली मेल'नं एक पत्र छापलं. मॉस्कोतल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या झिनोव्हिएव्हचं म्हणून सांगितलेलं, ब्रिटिश कम्युनिस्टांना बंडाची तयारी करायला सांगणारं. मजूर पक्षवाले म्हणजे मॉस्कोच्या तालावर नाचणारे, हा शिक्का चार दिवसांत घरोघरी पोचला. हे पत्र बनावट होतं असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. १९९९ साली ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या स्वतःच्या इतिहासकारानं सगळी कागदपत्रं चाळली, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. हुजूर पक्ष ४१२ जागा घेऊन निवडून आला. पण आकडे नीट बघितले तर मजा आहे. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या तरी त्यांची मतं सुमारे दहा लाखांनी वाढली! वाट लागली ती लिबरल पक्षाची, १५८ वरून थेट ४०. म्हणजे मजूर पक्षाला जवळून ओळखणारे कामगार हललेच नाहीत. हलले ते दुरून बघणारे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १९५० ची कॅलिफोर्नियातली सिनेटची निवडणूक. रिचर्ड निक्सन विरुद्ध हेलन गहागन डग्लस. कोरियाचं युद्ध नुकतंच सुरू झालेलं, मॅकार्थीचं सत्र चालू झालेलं. निक्सनच्या लोकांनी एक पत्रक काढलं. डग्लसबाईंनी काँग्रेसमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटो मार्कांटोनिओ या कट्टर डाव्या सदस्याच्या बाजूनं ३५४ वेळा मत दिलं, असा हिशेब त्यात होता. आणि ते छापलं कशावर, तर गुलाबी कागदावर. 'लाल' म्हटलं तर पुरावा द्यावा लागतो, 'गुलाबी' म्हटलं की भागतं. ('पिंक लेडी' हा शब्द आणि ही तुलना मूळची निक्सनची नव्हेच. डग्लसबाईंच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यानं प्राथमिक फेरीत ती वापरली होती. निक्सननं आयती उचलली.)

आकडेवारीशी रोज खेळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली मेख लगेच दिसेल. ३५४ हा आकडा कशाच्या तुलनेत? त्यातली बहुतांश मतदानं साधी होती, ज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुतेक सदस्य एकाच बाजूला असत. खुद्द निक्सननंही कित्येकदा मार्कांटोनिओच्याच बाजूनं मत दिलं होतं. पण पत्रकाला छेद नसतो, फक्त अंश असतो. निक्सन सुमारे ५९ टक्के मतं घेऊन निवडून आला. त्याच लढतीत त्यालाही एक शिक्का मिळाला, 'ट्रिकी डिक', जो वॉटरगेटपर्यंत आणि त्यानंतरही त्याला चिकटून राहिला.

तर मला दिसलेलं सूत्र असं: ज्याच्यावर शिक्का मारला जातो तो ऐकणाऱ्यापासून जितका लांब, तितका शिक्का घट्ट बसतो. १९२४ च्या मध्यमवर्गीय मतदारासाठी मजूर पक्ष म्हणजे कारखान्यापलीकडचं एक धूसर प्रकरण होतं. १९४५ मध्ये तोच पक्ष त्याच्या रेशनकार्डात, त्याच्या पोराच्या खाणीत आणि त्याच्या जेवणाच्या टेबलाखाली होता. 'गेस्टापो' हा शब्द ऐकल्यावर लोकांनी डोळ्यांसमोर बेल्सनची फिल्म आणली, मग मॉरिसनचा चेहरा आणला, आणि दोन्ही जुळेनात.

पण याच सूत्राची एक काळी बाजू आहे. ती लंडनमधून दिसत नाही, नगरमधून दिसते.

चर्चिलनं ती उदात्त तार लिहिली त्या नोव्हेंबर १९४३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य बंद होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेले. आरोप नाही, खटला नाही. गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये. तिथेच महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही. 'आरोप न ठेवता कैद म्हणजे एकाधिकारशाहीचा पाया' असं ज्यानं लिहिलं, त्याच्याच सरकारनं हे केलं होतं. आणि ॲटलीला लगेच देवमाणूस करायला नको. ऑगस्ट १९४२ मध्ये ही धरपकड झाली तेव्हा चर्चिल कैरो-मॉस्कोच्या दौऱ्यावर होता आणि लंडनमध्ये कारभार उपपंतप्रधानाच्या हातात होता. नेहरू सुटले १५ जून १९४५ ला, गेस्टापोच्या भाषणानंतर अकरा दिवसांनी.

म्हणजे बघा, त्या जून महिन्यात ब्रिटनमधला अख्खा प्रचार एका काल्पनिक, उद्याच्या गेस्टापोवर भांडत होता. आणि आरोपाशिवाय कैद ही खरी गोष्ट दोन्ही पक्षांनी मिळून, त्याच वेळी, साम्राज्यात चालवलेली होती. त्यावर कुणी निवडणूक लढवली नाही. टोकाच्या शब्दाचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. ज्याच्यावर शिक्का बसतो त्याचं नुकसान होतंच. पण शिक्क्याचा आवाज इतका मोठा असतो, की शेजारच्या खोलीतली खरी कैफियत कुणाला ऐकूच येत नाही.

(आपल्यासाठी मात्र हा निकाल महत्त्वाचा ठरला. ॲटली सरकारनं १९४६ मध्ये कॅबिनेट मिशन पाठवलं, फेब्रुवारी १९४७ मध्ये सत्ता सोडण्याची तारीख जाहीर केली, आणि १५ ऑगस्ट उजाडला. फाळणीच्या घाईचा हिशेब हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पुन्हा कधीतरी.)

पुढे काय झालं तेही सांगतो, म्हणजे एकाच बाजूला झोडपल्यासारखं व्हायला नको. ॲटली सरकारनं कोळसा, रेल्वे, बँक ऑफ इंग्लंड सगळं सरकारी केलं. गेस्टापो काही आली नाही. पण ४ जुलै १९४८ ला मजूर पक्षाचा आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन एका सभेत हुजूर पक्षवाल्यांना 'किड्यामुंग्यांहून नीच' म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्यानंच उभारलेली मोफत आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सुरू व्हायची होती. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात वाईट वाक्य, लागोपाठच्या दोन दिवसांत. वर्तमानपत्रांना अर्थातच वाक्य जास्त आवडलं. हुजूर पक्षाच्या तरुणांनी 'व्हर्मिन क्लब' काढले आणि त्याचे बिल्ले छातीवर मिरवले. बिल्ला लावणाऱ्यांत आपली ती कॉमन रूममधली विद्यार्थिनीही होती :)

आणि १९५१ मध्ये पारडं पुरतं फिरलं. निवडणुकीत चर्चिल म्हणजे युद्धखोर, हा निवडून आला तर तिसरं महायुद्ध लावेल, असा प्रचार झाला. 'डेली मिरर'नं पिस्तुलाचं चित्र छापून विचारलं, ट्रिगरवर बोट कुणाचं? चर्चिल दुखावला. हा आरोप क्रूर आणि कृतघ्न आहे असं तो जाहीर सभेत म्हणाला, 'मिरर'वर खटलाही भरला. त्याचं म्हणणं खरंच होतं. फक्त १९४५ च्या जूनमध्ये ॲटली, मॉरिसन, बेव्हिन यांनाही अगदी हेच दोन शब्द वापरता आले असते.

मग टोकाचे शब्द वापरूच नयेत का? असंही मला म्हणवत नाही. कारण हाच चर्चिल तिसच्या दशकात हिटलरबद्दल कानीकपाळी ओरडत होता, आणि लोक त्याला कटकट्या, युद्धपिपासू म्हणत होते. तेव्हा तो बरोबर होता. पण तेव्हाची त्याची भाषणं बघितली तर त्यात जर्मनीच्या विमानांचे आकडे असायचे, कारखाने असायचे, ब्रिटनच्या तयारीशी तुलना असायची. शब्दाखाली काहीतरी होतं. १९४५ च्या शब्दाखाली फक्त एक पुस्तकी शक्यता होती. आमच्या धंद्यात प्रत्येक बग 'सिव्हिरिटी वन' म्हणून टाकणारा एक तरी माणूस प्रत्येक प्रोजेक्टात असतो. सुरुवातीला सगळे धावतात. मग कुणीच धावत नाही. आणि मग एखाद्या रात्री खरोखरच सर्व्हर बसतो.

'गेस्टापो'सारखे शब्द माणसांनी फार मोठी किंमत मोजून कमावलेले असतात. ते धोक्याची घंटा म्हणून टांगून ठेवलेले बरे. प्रचारात उठसूट वाजवले, की ज्या दिवशी खरी आग लागेल त्या दिवशी लोक कूस बदलून झोपतील.

असो. पुढच्या निवडणुकीत कुणी कुणाला असं काही म्हणालं, की टाळ्या वाजवण्याआधी किंवा चिडण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. या शब्दाखाली आकडा, घटना, पुरावा असं काही आहे का? बोलणारा उद्या त्याच माणसाबरोबर कुठल्या टेबलावर बसणार आहे? आणि हे भांडण रंगलेलं असताना आत्ता, या क्षणी, कुठल्या किल्ल्यात कोण बसलंय?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्याचं उत्तर प्रचाराच्या भाषणात मिळत नाही.